सोनौलीच्या पलीकडे आपली गाडी नेताना

हातोद, देपालपूर, सांवेर, महू या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांत आई-वडिलांना पशुपतिनाथाचं दर्शन घडवायची इच्छा असते. दारात चारचाकी उभी असली की ‘आपल्याच गाडीने जाऊ’ हा विचार आपसूक येतो. विचार चांगला आहे आणि पुरा करण्यासारखाही आहे. इंदूरच्या ‘एमपी ०९’ पाटीची गाडी सीमेपलीकडे नेऊन थोड्या दिवसांत परत आणायची, तर सगळ्यात सोपा देश नेपाळच. १९५०च्या मैत्री करारापासून दोन्ही देशांच्या नागरिकांची ये-जा मोकळी आहे. आपल्याला व्हिसा लागत नाही, गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते आणि आपला वाहन परवाना तिथे चालतो.

भूतानलाही गाडी नेता येते. पण तिथे प्रवासपरवाना काढावा लागतो, भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे आणि गाडीचं शुल्क वेगळं. शिवाय फुंत्शोलिंगचा नाका आपल्यापासून फारच लांब. त्यापलीकडच्या बहुतेक देशांत गाडी न्यायची तर ‘कार्ने’ लागतं. गाडी तिथे विकली जाणार नाही, परत येईल, याची हमी देणारा हा कागद असतो आणि त्यासाठी मोठी रक्कम तारण ठेवावी लागते. नेपाळला ही भानगड नाही. म्हणून सुरुवात नेपाळपासून करावी.

मात्र ‘सीमा उघडी आहे’ हे ऐकून लोक गाडीच्या कागदांकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडकतात. माणसाला मोकळीक आहे, गाडीला नाही. नेपाळच्या दृष्टीने तुमची गाडी म्हणजे काही दिवसांसाठी देशात आलेला माल. याचं कारण समजून घेतलं तर नाक्यावरच्या माणसाचा राग येणार नाही. नेपाळमध्ये गाड्यांवर एवढे कर आहेत की आपल्याकडची साधी गाडी तिथे दुप्पट-तिप्पट किमतीला पडते. आत आलेली भारतीय गाडी परत गेलीच नाही तर त्यांचा तेवढा महसूल बुडतो. म्हणून प्रत्येक गाडीची नोंद होते, प्रत्येक दिवसाचे पैसे घेतले जातात आणि मुदत संपलेली गाडी सापडली की दंड होतो, प्रसंगी गाडी जप्तही होते.

आता वाट. हातोदहून इंदूर, देवास, मक्सी, शाजापूर, ब्यावरा, गुना करत आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरीला यायचं. तिथे राष्ट्रीय महामार्ग २७ मिळतो. झाशी, उरई, कानपूर, लखनौ, अयोध्या, बस्ती आणि गोरखपूर ही सगळी या एकाच महामार्गावरची गावं, त्यामुळे रस्ता शोधत बसावं लागत नाही. गोरखपूरहून फरेंदा, नौतनवा करत शंभरेक किलोमीटरवर सोनौली. पलीकडे नेपाळचं बेलहिया आणि लगेच भैरहवा. हातोद ते सोनौली हे अंतर अकराशे-साडेअकराशे किलोमीटरच्या घरात जातं. एका दमात कोणीही करू नये. पहिला मुक्काम झाशी-उरईकडे आणि दुसरा गोरखपूरला ठेवला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर नाक्यावर पोहोचता येतं. गोरखपूरचा मुक्काम टाळू नका. नौतनवापासून पुढे मालट्रकांच्या रांगा लागतात, दिवस चढला की त्यात तासन्‌तास जातात. आई-वडील बरोबर असतील तर गोरखनाथ मंदिरही होईल. मकरसंक्रांतीला नेपाळच्या राजघराण्याकडून इथे खिचडी येण्याची परंपरा आहे, म्हणजे नेपाळशी नातं इथूनच सुरू होतं.

निघण्यापूर्वी माणसांची ओळखपत्रं नीट पाहा. पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबून राहू नका. पासष्टच्या वरची आणि पंधराच्या आतली माणसं आधारवर जाऊ शकतात, पण मधल्या वयाच्या माणसांसाठी ते प्रवासाचं मान्य ओळखपत्र नाही. पंधरा ते अठरा या वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखपत्र लागतं. जमिनीच्या नाक्यावर आपल्याला कोणी फारसं विचारत नाही, हे खरं. पण हॉटेलात, सिमकार्ड घेताना आणि अडचणीच्या वेळी हेच कागद लागतात. शिवाय आईची तब्येत बिघडली आणि काठमांडूहून विमानाने परतायची वेळ आली, तर विमानतळावर नियम काटेकोर पाळले जातात.

गाडीचे कागद सगळे मूळ हवेत. आपल्याकडे वाहतूक पोलिसाला मोबाइलवर डिजिलॉकर दाखवून काम भागतं. ही सोय भारतातली आहे, बेलहियाच्या खिडकीवर तिचा उपयोग नाही. आरसी, वाहन परवाना, विमा, पीयूसी आणि प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स एका फायलीत लावा. झेरॉक्स हातोद-इंदुरातच काढा, नाक्यावर वेळ आणि पैसे दोन्ही जास्त जातात. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल आणि ते बरोबर नसतील, तर गाडी नेपाळला न्यायला परवानगी असल्याचं त्यांच्या सहीचं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला कळवून तिचं पत्र जवळ ठेवलेलं बरं. आणि हे सगळं पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीपुरतं. शेजाऱ्याची पिवळ्या पाटीची टॅक्सी घेऊन निघालात तर तिचे परवाने वेगळे असतात.

विम्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपल्या मोटार विम्याच्या कागदावर भौगोलिक क्षेत्र असा एक रकाना असतो आणि तिथे ‘भारत’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे बुटवलच्या वळणावर गाडी ठोकली गेली तर भारी हप्त्याचा सर्वसमावेशक विमाही कामाला येणार नाही. यासाठी ‘आयएमटी १’ नावाची जोडपुस्ती आहे. जादा हप्ता भरून तिच्याद्वारे नेपाळपर्यंत क्षेत्र वाढवता येतं. विमा एजंटला निघण्याच्या आधी दोन आठवडे सांगा आणि पुस्तीवर ‘नेपाळ’ हे नाव छापलेलं आहे ना, ते स्वतः वाचा. या वाढीव क्षेत्रात आपल्या गाडीचं नुकसान आणि दुसऱ्याचं नुकसान या दोन्हींची जबाबदारी कंपनी घेते का, हेही लेखी विचारा. तोंडी ‘हो, सगळं येतं’ याला अर्थ नाही.

आता नाका. गाडी आत नेण्याचा परवाना नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयात, म्हणजे भन्सारमध्ये मिळतो. गाडी सोनौलीच्या गर्दीतून पलीकडे नेऊन बाजूला लावायची, कागद घेऊन खिडकीवर जायचं, अर्ज भरायचा, किती दिवस राहणार ते सांगायचं आणि तेवढ्या दिवसांचे पैसे नेपाळी रुपयांत भरायचे. दर रोजच्या हिशेबाने असतो आणि वेळोवेळी बदलतो, म्हणून खिडकीवरच विचारा. परवाना मिळाला की वाहतुकीची वेगळी परवानगी लागते का, तेही तिथेच विचारून घ्या.

गाडी थांबताक्षणी दलाल काचेशी येतील. त्यांच्याशी भांडू नका, पण मूळ आरसी त्यांच्या हाती देऊ नका. काम स्वतः करता येतं. अर्ज नेपाळीत असला तरी लिपी आपलीच आहे आणि खिडकीवरच्या माणसाशी हिंदीत बोलता येतं. ‘सुविधा’ हा शब्द मात्र ओळखून ठेवा. ही सवलत सीमेलगतच्या भागात जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्यांसाठी असते. दलालाने घाईत तुमच्या हाती सुविधेचा कागद ठेवला आणि तुम्ही तसेच पोखऱ्याकडे निघालात, तर पुढच्या तपासणीत तुमची गाडी विनापरवाना ठरते.

मिळालेला कागद तिथेच, खिडकीपासून हलण्याआधी वाचा. गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि दिवस तपासा. सगळ्यात महत्त्वाची मुदत संपण्याची तारीख, आणि ती विक्रम संवतात असते. आकडे देवनागरी, महिन्यांची नावं चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. त्यामुळे आपल्याला वाटतं की हे तर समजलं. उज्जैनच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना विक्रम संवत काही परका नाही. पण त्यांचे महिने सौर आहेत, आपल्या तिथींशी त्यांचा मेळ बसत नाही. आपल्याकडे संवत गुढीपाडव्याला बदलतो, तिकडे एप्रिलच्या मध्याला. त्यांचा चैत्र मार्चच्या मध्याला लागतो, महिना कधी २९ दिवसांचा तर कधी ३२ दिवसांचा असतो आणि दिवस मोजतात तो ‘गते’ने. कालनिर्णय उघडून चैत्र पाहिलात तर हिशेब दहा-पंधरा दिवसांनी चुकू शकतो. खिडकीवरच्या माणसाला इंग्रजी तारीख विचारा आणि पेनाने झेरॉक्सच्या कोपऱ्यात लिहा. मूळ कागदावर काही खरडू नका.

मुदत घेताना एक-दोन दिवस जास्तीचे घ्या. आठ दिवसांचा बेत असेल तर दहा दिवसांचे पैसे भरा. डोंगरात दरड कोसळली तर दोन दिवस सहज जातात आणि जादा दिवसाचं शुल्क दंडापेक्षा फार कमी असतं. तरीही वेळ अपुरी पडणार असं दिसलं, तर मुदत संपण्याआधी जवळच्या भन्सार कार्यालयात जा. खासगी भारतीय गाडीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण तीस दिवस मिळतात. त्यांचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं. वर्षातून दोनदा जायचा विचार असणाऱ्यांनी हा हिशेब धरावा.

पैशाचं सोपं आहे. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. कोणी यापेक्षा कमी देत असेल तर पुढच्या दुकानात जा. भारतीय नोटा १०० रुपयांपर्यंतच्या घ्या. २०१८च्या डिसेंबरात नेपाळने १००च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नियम पुढेमागे होत राहिले तरी शंभराच्या नोटेला कुठे अडचण येत नाही. इंदुरातल्या बँकेतून शंभराच्या कोऱ्या गड्ड्या आधीच मागून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. मार्च २०२४पासून नेपाळच्या फोनपे क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण घाटातल्या चहाच्या टपरीवर त्याच्या भरवशावर बसू नका. फास्टॅगचा सीमेपलीकडे उपयोग नाही.

इंदूरकडच्या गाड्यांसाठी एक खास सूचना : सीएनजी तिकडे मिळत नाही. आपल्याकडे पैसे वाचतात म्हणून अनेकांनी सीएनजी गाड्या घेतल्या आहेत. त्यांना नेपाळचा सगळा प्रवास पेट्रोलवर करावा लागेल. वर्षभर पेट्रोलवर न चालवलेली गाडी थेट घाटात घालू नका. निघण्याआधी आठवडाभर पेट्रोलवर चालवून पाहा. शिवाय डिकीत सिलिंडर असल्याने सामानाला जागा कमी, आणि चढावर वजन जाणवतं.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी जोखीम नाक्यावर नाही, घाटात आहे. आपण माळव्यातली माणसं. सपाट रस्त्यावर शंभराच्या वेगाने चालवण्याचा सराव असतो, तास-तास उताराचा नसतो. भैरहवा ते काठमांडू हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हातोदहून भोपाळला जाण्याहून थोडं जास्त. पण त्याला पूर्ण दिवस जातो, काम सुरू असेल तर त्याहून जास्त. नकाशा सात तास दाखवत असेल तर दहा धरा. बुटवलपर्यंत सपाट. तिथून पूर्वेला महेंद्र महामार्गाने नारायणगढ, मग त्रिशूलीच्या काठाने मुगलिंग, आणि मुगलिंगला फाटा : उजवीकडे काठमांडू, डावीकडे पोखरा. बुटवलहून सरळ उत्तरेला पाल्पामार्गे पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ महामार्ग नकाशावर जवळचा दिसतो. पण बुटवल सोडताच सिद्धबाबाचा टप्पा लागतो, तिथे वरून दगड येतात, म्हणूनच बोगदा खणायला घेतला आहे. हा रस्ता ठरावीक वेळा बंदही ठेवतात. निघण्याच्या सकाळी हॉटेलात चौकशी करूनच तो धरा.

उतारावर ब्रेक दाबून बसू नका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे गाडीला इंजिनच आवरतं. ब्रेकचा जळका वास आला तर गाडी रुंद जागी थांबवा आणि चाकं थंड होऊ द्या, त्यांवर पाणी ओतू नका. महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती जीव घेतले, हे आपल्या भागाला सांगायला नको. नेपाळात तसे उतार दिवसभर येत राहतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. सराव नसेल तर खांडव्याच्या रस्त्यावर सिमरोलपुढच्या भेरूघाटात दोन-चार वेळा गाडी घालून पाहा, आणि बरोबर घाटाची सवय असलेला दुसरा चालक घ्या.

पावसाळ्यात तर जाऊच नका. पशुपतिनाथाला श्रावणात जावं असं घरच्या मोठ्यांना वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण १२ जुलै २०२४ला नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर सिमलतालजवळ दरड आली आणि दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदीच्या पात्रात कोसळली. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळकडचे यात्रेकरू होते. २७ जण दगावले आणि त्यांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने आणावे लागले. हे आपल्यासारखेच लोक होते, आपल्यासारखेच आई-वडिलांना घेऊन देवदर्शनाला निघालेले. आईला नाही म्हणायला जड जातं, तरी श्रावणाचा आग्रह मोडून काढा. मुक्तिनाथाबद्दलही असंच. पोखऱ्यापर्यंत आपली गाडी न्या आणि तिथे ठेवा. पुढे बेनी-जोमसोमच्या रस्त्यावर स्थानिक जीप आणि तिथलाच चालक घ्या. पैसे जास्त जातील, पण तो रस्ता आपल्या गाडीचा नाही.

हातोदच्या शेतीच्या वेळापत्रकात दोन मोकळ्या खिडक्या मिळतात. सोयाबीन निघून गहू-बटाट्याची पेरणी झाली की नोव्हेंबरात, किंवा गहू निघाल्यावर मार्चअखेर-एप्रिलात. नोव्हेंबर जास्त चांगला, आकाश स्वच्छ असतं आणि हिमालय दिसतो. एप्रिलात जंगलातल्या वणव्यांचा धूर धुक्यासारखा भरून राहतो, डोंगर दिसत नाहीत. पण दसैं आणि तिहारच्या दिवसांत, म्हणजे आपल्या नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, कार्यालयं बंद आणि बस भरून वाहत असतात, ते टाळा. तारीख ठरवण्याआधी दोन्हीकडच्या निवडणुकाही पाहा, मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस नाके बंद ठेवतात. आणि निघण्याच्या आठवड्यात बातम्यांवर लक्ष असू द्या. सप्टेंबर २०२५च्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळ बंद झाला, संचारबंदी लागली आणि अनेक भारतीय प्रवासी जागच्या जागी अडकले. अशा वेळी काठमांडूच्या लैनचौरमधल्या भारतीय दूतावासाचा संपर्क क्रमांक आधीच फोनमध्ये हवा. नेपाळात पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि वाहतूक पोलिसांसाठी १०३ हे क्रमांक आहेत.

शहरात गाडी चालवताना काही सवयी सोडाव्या लागतात. काठमांडूत एप्रिल २०१७पासून विनाकारण हॉर्न वाजवण्यावर बंदी आहे. इंदुरात हॉर्न दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. त्याला आवर घाला. दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडायची मोहीम तिकडे ‘मापसे’ नावाने ओळखली जाते आणि ती कडक आहे, एक घोटही चालत नाही. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. मंदिराच्या वेळेला नाही, पण ठरावीक वेळी बंद होणाऱ्या रस्त्याला त्याने फरक पडतो.

परतीच्या दिवशी बेलहियाला पोहोचलात की समोर भारताची कमान दिसते आणि गाडी तशीच पुढे न्यावीशी वाटते. तसं करू नका. भन्सारच्या खिडकीवर जाऊन कागद जमा करा आणि गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. शिक्का मारलेला कागद किंवा पावती मिळाली तर तिचा फोटो काढा. नोंद झाली नाही तर त्यांच्या वहीत तुमची गाडी अजून नेपाळातच उभी असते, आणि पुढच्या वेळी तुमच्या वाट्याचे तीस दिवस किती उरले, हे त्या वहीवरूनच मोजतात. येताना दुसऱ्या नाक्याने, समजा बहराइचकडच्या रूपईडीहाने, बाहेर पडायचं असेल तर जातानाच खिडकीवर तसं सांगा.